मुरलेले कान

अभिनंदन मगदूम हा माणूस तसा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे ऐकाल त्यानं तुमचं मत बिघडणार आहे. सांगलीत विश्रामबागला त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते झकास चालायचं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलायची आणि "हे बरं दिसतंय, का हे?" असं विचारायचं, हे त्याचं काम. ही सवय एकदा हाडात मुरली की माणूस चहासुद्धा सुखानं पीत नाही, कालच्या चहाशी ताडून पितो. अभिनंदनचं तेच झालं होतं, फक्त चहाऐवजी कानांच्या बाबतीत.

दर रविवारी सकाळी दुकानाच्या माडीवर 'कानसेन कट्टा' भरायचा. फळांचे व्यापारी शाहनवाज बागवान, दातांच्या डॉक्टर मंजिरी वर्तक, आणि आणखी दोघं-तिघं. सगळ्यांना एकच व्यसन, कानात घालायचे भारीतले इयरफोन. जुना काढायचा, नवा घ्यायचा, आणि घेतल्यावर त्याच्यावर भरभरून बोलायचं.

"काय बागवानसाहेब, पडदा उठला का नाही?"

"पडदा? अहो, भिंतच पडली! तबलजी माझ्या मांडीला मांडी लावून बसलाय!"

असली भाषा. घरच्या माणसांना यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि कळावं असा कुणाचा आग्रहही नव्हता.

कट्ट्याचे रिवाज दोन. पहिला मुरवण. नवा इयरफोन लोणच्यासारखा मुरवावा लागतो, अशी या मंडळींची ठाम समजूत. शंभरेक तास तो वाजवल्याशिवाय त्याच्याबद्दल चांगलं-वाईट बोलायचं नाही. दुसरा रिवाज चोर पकडण्याचा. जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग लावायचं आणि त्यात गाणं सोडून जे काही असेल ते शोधायचं. तिसऱ्या रांगेत कुणी खोकलं, गायिकेनं आलापाआधी आवंढा गिळला, हॉलबाहेर कुल्फीवाल्यानं घंटी वाजवली. असला आवाज म्हणजे चोर. ज्याला नवा चोर सापडेल त्याला त्या दिवशीच्या भडंगाचा पहिला मान. वर्षानुवर्षं हा खेळ चालला होता. अभिनंदन त्यातला पट्टीचा पोलीस. एका ठुमरीत त्यानं तंबोरेवालीच्या पोटातली गुरगुर पकडली होती, आणि ती गोष्ट तो अजून सांगायचा. ठुमरीचे बोल काय होते हे मात्र त्याला विचाराल तर पंचाईत.

अशा माणसाच्या हातात कर्णिका नावाचा नवा इयरफोन पडला.

आता थोडं शास्त्र सांगतो. कंटाळू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याला वाटतं, कान म्हणजे नुसतं भोक. आवाज आत शिरला की मेंदूकडं चालू लागला. तसं नसतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते, तिच्यात बारीक बारीक पेशींच्या रांगा असतात. त्यातल्या काही पेशी आवाज घेतात, आणि काही स्वतः हलून तो मोठा करतात. त्या हलतात तेव्हा कानातून उलटा, बाहेरच्या दिशेनं, अगदी पुसट आवाज निघतो. होय, कानही बोलतो! नुकत्याच जन्मलेल्या बाळाला ऐकू येतंय का, हे डॉक्टर त्यावरूनच तपासतात. आणखी एक गंमत आहे. कानाकडून मेंदूकडं जशा नसा जातात, तशा मेंदूकडून कानाकडंही येतात. त्यांच्यावाटे मेंदू हुकूम सोडतो की हे मला ऐकायचंय, जोर लावा. ते नकोय, दाबा. लक्ष इकडून तिकडं गेलं की कानातून निघणारा तो पुसट आवाजही केसभर बदलतो.

कर्णिकेच्या टोकाला, कानाच्या आत तोंड करून, एक सूक्ष्म माइक बसवलेला होता. तो हा केसभर बदल टिपायचा. तुमचं लक्ष कशावर आहे ते कर्णिका तुमच्याच कानाकडून काढून घ्यायची, तेवढं उचलून द्यायची आणि बाकीचं मागं ढकलायची. गाण्यात तर हे व्हायचंच, पण ती घालून तुम्ही बाजारात गेलात, घरात वावरलात, तरी बाहेरचे आवाज ती तशीच निवडून आत सोडायची. त्या काळात कानात काही न घालता फिरणारा माणूस बिनचष्म्याच्या म्हाताऱ्याइतका दुर्मिळ झाला होता. भाजीवालीच्या कानात, बसच्या ड्रायव्हरच्या कानात, लग्नात अक्षता टाकणाऱ्यांच्या कानात काही ना काही असायचंच. त्यामुळं अभिनंदन दिवसभर कर्णिका घालून बसतो याचं कुणाला नवल वाटलं नाही.

सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं होतं की पहिले काही दिवस नेहमीसारखं वागा, माणसांशी बोला, कर्णिका तुमच्याकडून शिकत असते. अभिनंदननं ते वाचलं आणि हसून बाजूला ठेवलं. इयरफोन कसा मुरवायचा हे त्याला पुस्तिका सांगणार? त्यानं नेहमीच्या जुन्या मैफिली लावल्या आणि शंभर तास जीव ओतून चोर पकडले. कर्णिका बिचारी शिकत राहिली. या माणसाला शब्द नकोत, सूरही नको, याला हवा आहे तो श्वास, आवंढा, खुर्चीची करकर, हे तिनं मनाशी पक्कं केलं. मनाशी म्हणजे तिला मन नव्हतं, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

अभिनंदनची बायको पद्मजा हायस्कूलात भूगोल शिकवायची. बोलकी, आणि बोलणं भरीव. शाळेतून आली की हात-पाय धुता धुता तिचं सुरू व्हायचं आणि जेवण उरकेपर्यंत दिवसाचा सगळा हिशेब सांगून व्हायचा. अभिनंदन समोर बसून "असं होय?", "बघू की" असं मधूनमधून टाकायचा. एकुलती एक लेक ऋजुता पुण्याला शिकत होती, त्यामुळं पद्मजाला दुसरा श्रोता नव्हता. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्याला संसार म्हणतात असं दोघांचंही मत होतं.

कर्णिका आल्यावर अभिनंदनला घर नव्यानं ऐकू यायला लागलं. पोळी फुगताना सुटणारी वाफ. पद्मजाच्या काचेच्या बांगड्यांतली एक तडकलेली होती, तिचा वेगळा नाद. आणि पद्मजाचा श्वास! वाक्य सुरू करण्याआधी ती श्वास आत घ्यायची, त्याच्या टोकाला एक बारीक शीळ होती. बोरूच्या नळीत हळूच फुंकल्यासारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. त्याला इतका आनंद झाला म्हणता! तिचे शब्द अलीकडं शेजारच्या खोलीतून आल्यासारखे वाटायचे खरे. पण वयानं बोलणं हळू होत असेल, असं त्यानं धरून टाकलं.

ती शीळ पहिल्यांदा ऐकली त्या दिवशी पद्मजा काय सांगत होती ते मी तुम्हाला सांगतो, कारण त्यानं ते ऐकलं नाही. गळ्याला गाठ लागतेय म्हणून ती दाखवून आली होती. गाठ थायरॉइडची निघाली होती, वाढ आतल्या बाजूला होती आणि श्वासनलिकेवर दाब यायला लागला होता. सुईनं नमुना घ्यावा लागणार होता. "अहो, तुम्ही याल का बरोबर?" असं तिनं विचारलं.

"बघू की," अभिनंदन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कट्ट्याच्या ग्रुपवर लिहिलं, "मित्रहो, कर्णिका मुरली. तपशील असा की अंगावर काटा येतो. काल सौ. बोलत असताना तिच्या श्वासाच्या शेवटाला एक शीळ ऐकली, रेशमी, किंचित किनरी. आधीच्या एकाही इयरफोननं ही कधी दाखवली नव्हती. याला म्हणतात वरची पायरी." बागवानांनी खाली तीन टाळ्या टाकल्या. पद्मजा नमुना द्यायला तिच्या थोरल्या बहिणीला घेऊन गेली.

असे दोन-अडीच महिने गेले. शीळ वाढत गेली आणि अभिनंदन ती चवीनं ऐकत गेला. आता जिना चढून आली की ती जास्त यायची, उताणं पडली की आणखी. त्यावर त्यानं ग्रुपवर तीनदा लिहिलं. राग येतो ना ऐकताना? मलाही येतो. पण त्याच्या दृष्टीनं तो बायकोकडं इतकं लक्ष देत होता की तरुणपणीही दिलं नसेल, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग एका रविवारी कट्ट्यावर भडंगाचा कागद उलगडत असताना त्यानं त्या शिळेचं वर्णन पुन्हा काढलं. डॉक्टर मंजिरी आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या.

"एक मिनिट, मगदूम. शीळ श्वास घेताना येते का सोडताना?"

"घेताना! तीच तर मजा आहे. सोडताना अगदी साफ."

"आणि झोपल्यावर वाढते म्हणालात?"

"वाढते की. काल तर—"

"तुम्ही वेडे आहात का हो?" मंजिरीबाई उठूनच उभ्या राहिल्या. "मी दातांची डॉक्टर, पण एवढं मलाही कळतं. श्वासनलिका कशानं तरी दबली की असा आवाज येतो. आणि तुम्ही आम्हाला रेशीम रेशीम म्हणून सांगताय! उठा, घरी जा. आजच्या आज त्यांना दाखवा."

बागवान भडंगाची मूठ तशीच हातात धरून बसले. अभिनंदन जिना उतरला तो चपला न घालताच, आणि निम्म्या वाटेवर त्याच्या ते लक्षात आलं. तो तसाच अनवाणी पुढं पळाला. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत एक बारीकसा अभिमानही होता. आपण ऐकलं. कुणालाही कळलं नसतं ते आपल्या कानांनी पकडलं. वेळेवर दाखवलं तर पद्मा वाचेल, आणि ती आपल्यामुळं वाचेल.

पद्मजा बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसली होती.

"पद्मा, ऊठ. साडी बदल. आपल्याला डॉक्टरकडं जायचंय."

तिनं वर बघितलं.

"घाबरू नकोस, पण तुझ्या श्वासात आवाज येतोय. मी गेले दोन महिने ऐकतोय. गळ्यात काहीतरी असणार. आपण लगेच दाखवू, मिरजेत चांगले डॉक्टर आहेत…"

पद्मजा बघतच राहिली. तिचे ओठ हलले, पण शब्द नेहमीसारखे लांब, भिंतीपलीकडं. तो फक्त शीळ ऐकत होता, आणि ती भयंकर स्पष्ट होती. मग पद्मजा उठली, त्याच्याजवळ आली आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या दोन्ही कानांतली कर्णिका काढली.

"गुरुवारी ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "मिरजेलाच. तारीख ठरून पंधरा दिवस झाले. मी तुम्हाला चारदा सांगितलंय. ऋजूशी बोलताना तुमच्यासमोर सांगितलंय, तेव्हा तुम्ही 'चांगलं झालं' म्हणालात."

अभिनंदन खाली बसला, खुर्ची आहे का नाही हे न बघता. नशीब, पलंग होता.

संध्याकाळी ऋजुताचा फोन आला. "पप्पा, मला वाटलं तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही विषय टाळताय," ती म्हणाली. "मम्मी म्हणायची, असू दे, ते असेच आहेत. तुम्हाला माहीतच नव्हतं?" लेक फोनवर रडली, तेव्हा तिच्या रडण्यातला हुंदक्याआधीचा बारीक अडखळा त्याच्या कानांनी आपोआप टिपला. कर्णिका तेव्हा कानांत नव्हती, टेबलावर पडली होती.

हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो गार पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला फोन लावला. बऱ्याच खटपटीनंतर एक इंजिनिअर बाई बोलायला मिळाली. त्यानं आधी विचारलं ते वेगळंच. कर्णिकेत पद्मजाचं गेल्या अडीच महिन्यांचं बोलणं कुठं साठवलेलं आहे का?

"नाही सर. आवाज आम्ही साठवतच नाही. खाजगीपणाचा कायदा आहे. कर्णिका फक्त तुमची आवड साठवते."

"आणि ती काढून ठेवली तरी मला तसंच ऐकू येतंय, त्याचं काय? समोरचा बोलायला लागला की माझं लक्ष त्याच्या घशात, श्वासात. शब्द निसटून जातात."

बाईंनी समजावून सांगितलं, आणि ते त्यांनी मन लावून सांगितलं हे मान्य करायला हवं. कान आणि मेंदू यांच्यात रोजची ये-जा असते. कर्णिका कानाला हवं ते द्यायची, मिळालं की मेंदू तेच जास्त मागायचा, मागितलं की कर्णिका आणखी द्यायची. रोज दिवसभर हे चाललं की ती वाट पायाखालच्या पायवाटेसारखी पडून जाते. शंभरातल्या एखाद्यालाच असं होतं. बहुतेकांचं लक्ष माणसांच्या बोलण्यावर असतं, त्यामुळं त्यांना फायदाच होतो.

"तुम्ही सुरुवातीला काय ऐकलं होतं सर?"

त्यानं चोर पकडण्याचा खेळ सांगितला.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. मग सावरून, "वाट परत वळवता येते, सर. वेळ लागतो. वर्षभरही लागेल. रोज कुणाचं तरी बोलणं मनापासून, अर्थासाठी ऐकायचं. फक्त ऐकायचं, तपासायचं नाही."

वर्षभर! गुरुवारला तीन दिवस होते. आणि गुरुवारबद्दलची खरी गोष्ट त्याला त्याच दिवशी सर्जनकडून कळली. गाठ काढल्यावर जिवाला बहुधा धोका नव्हता. पण आवाजाची डावी नस त्या गाठीत गुरफटलेली होती. ती वाचली तर ठीक. नाही वाचली तर आवाज जाईल, कुजबुज तेवढी राहील, पुढं कधी सुधारला तर सुधारला.

अभिनंदननं दुकान बंद ठेवलं. पद्मजासमोर खुर्ची ओढून बसला.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतो. खरंच ऐकतो."

पद्मजाला हसू आलं. "अक्षरांचा तक्ता वाचायला बसवल्यासारखं वाटतंय मला."

हे त्याला नीट ऐकू आलं, कारण तो तिच्या ओठांकडं डोळे फाडून बघत होता. मग ती शाळेतलं काहीतरी सांगू लागली. नकाशाचं काहीतरी. कुणी मुलगी होती, तिचं नाव आलं. शब्द येत होते, तुटक, आणि मधेच शीळ यायची आणि जीभ जशी दुखऱ्या दाताकडं जाते तसं त्याचं मन तिकडं जायचं. ओढून परत आणावं तोवर तीन वाक्यं निघून गेलेली असायची. "परत सांग," तो म्हणायचा. तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती थांबली.

"राहू दे."

"नाही, नाही, सांग. पद्मा, गुरुवारनंतर कदाचित…"

"माहितीय मला गुरुवारनंतर काय ते." तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा स्वतःकडं वळवला, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. आणि सावकाश, वर्गातल्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं बोलली. "मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालंय. याच खोलीत. माझ्या आईला हेच झालं होतं ते सांगितलं. ऋजूच्या लग्नात मी नसले तर काय काय करायचं ते सांगितलं. तुमच्यावर माझा कशाकशासाठी राग आहे तेही सांगितलं, म्हटलं एकदा मोकळं व्हावं. एके दिवशी तुम्ही अगदी टक लावून ऐकत होतात. मला इतकं बरं वाटलं! मी म्हणाले, 'अहो, मला फार भीती वाटतेय.' तर तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, 'वा! काय सुंदर!'"

अभिनंदनला तो क्षण आठवला. शीळ आठवली. त्यावर आपण ग्रुपवर काय लिहिलं होतं तेही आठवलं. वाक्य मात्र काही केल्या आठवेना. तिनं आत्ता सांगितलं म्हणून त्याला कळलं की ते होतं. त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. नळाच्या धारेतही त्याला तीन वेगवेगळे आवाज ऐकू येत होते.

गुरुवारी ऑपरेशन झालं. लांबलं, पण झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. पेशंट धोक्याबाहेर आहे. नस वाचवता आली नाही, मगदूम. सॉरी." ऋजुतानं आधी धोक्याबाहेर ऐकलं आणि त्याला मिठी मारली, मग नस ऐकलं.

घशातली नळी निघाली आणि पद्मजाला साध्या खोलीत आणलं, तेव्हा तिच्या तोंडून नुसता वारा यायचा. ऋजुता वाकून वाकून विचारत होती. "काय मम्मी? पाणी? उशी वर करू? दुखतंय?" पद्मजा मान हलवून हलवून दमली. मावशीला कळेना, नर्सलाही कळेना.

अभिनंदन भिंतीशी उभा होता, आणि त्याच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. कुजबुज म्हणजे काय? श्वासाचेच केलेले शब्द! आवाजाच्या तारा त्यात नसतातच. आणि श्वास ऐकायला कर्णिकेएवढं पटाईत जगात दुसरं कोण होतं? ती त्याच्या पिशवीच्या तळाशी होती. फेकून द्यायची म्हणून घेतली होती आणि फेकवली नव्हती. त्यानं ती बाहेर काढली, पुसली आणि कानांत घातली.

पंखा मागं गेला. बाहेरच्या ट्रॉल्या मागं गेल्या. पद्मजाचा श्वास पुढं आला, आणि त्यात शब्द होते, एकेक अक्षर सुटं आणि कोरीव.

"ऋजूला जेवायला पाठवा. सकाळपासून उपाशी आहे पोरगी."

"ऋजू, जेवून ये जा," तो जवळजवळ ओरडलाच. "मम्मी म्हणतेय! मावशीला घेऊन जा!"

ऋजुतानं आईकडं बघितलं. आईनं मान डोलावली. पोरगी थक्क झाली, मग बापाच्या कानांकडं तिचं लक्ष गेलं, आणि ती मावशीला घेऊन बाहेर गेली.

अभिनंदन स्टूल ओढून पलंगाशी बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

"पद्मा, मला सगळं ऐकू येतंय! अक्षर न अक्षर! एकट्या मला! आता तू कितीही बोल. मला शिव्या दे. राग राग कर. परत पहिल्यापासून सांग सगळं, मी एक शब्द सोडणार नाही."

पद्मजा त्याच्या कानांकडं बघत होती.

"काढा ते," ती म्हणाली.

गेल्या कित्येक महिन्यांत तिचं कुठलंही बोलणं त्याला इतकं स्वच्छ ऐकू आलं नव्हतं.

"अगं, पण याच्याशिवाय मला काहीच…"

"माहितीय. काढा."

"हे बघ, डॉक्टर म्हणालेत घशाला ताण द्यायचा नाही. याच्यामुळं तुला एकदाच बोलावं लागेल. तुझ्यासाठीच सांगतोय. थोडे दिवस, तुझा आवाज येईस्तोवर…"

तिनं डोळे मिटले आणि ओठही. तो थांबला. खोलीत तिचा श्वास तेवढा होता. बिनआवाजाचा, आणि त्याला जवळून, फार जवळून ऐकू येणारा. त्याला वाटलं, असंच बसावं. निदान हे तरी आहे. ही रागावलीय, तासाभरानं बोलेल, आणि बोलली की आपल्याला सगळं मिळेल. काढली, तर काय मिळणार?

पद्मजानं डोळे उघडले.

"मला तुमच्याशी बोलायचंय हो," ती म्हणाली.

त्यानं कर्णिका काढली. आधी डावी, मग उजवी. दोन्ही पलीकडच्या टेबलावर ठेवली, हात पोचणार नाही एवढ्या लांब.

लगेच पंखा अंगावर आला, बाहेरची गडबड आली. पद्मजाचे ओठ हलले आणि त्याला काहीही कळलं नाही.

"काय?"

ओठ पुन्हा हलले. तो वाकला आणि त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला. गरम श्वास कानाला लागला. श्वासातली शीळ गेलीय, हे त्याला तेवढ्यातही जाणवलं, आणि ते तो बोलणारच होता. त्यानं दात ओठांत रुतवले.

"परत सांग."

तिनं परत सांगितलं. काहीतरी 'प' होता, किंवा 'ख'. मन श्वासाकडं पळालं, त्यानं ते ओढून आणलं, तोवर संपलंही होतं. आता ही चिडणार, असं त्याला वाटलं. चिडण्याचा तिला पुरता हक्क होता. पण पद्मजानं सलाईन नसलेला हात उचलून त्याच्या मानेवर ठेवला आणि त्याचं डोकं आणखी खाली ओढलं.

"परत," तो म्हणाला. "पद्मा, परत एकदा. दमली असशील तर थांब, आणि मग सांग."

ती थांबली. मग सांगितलं.

"पंखा?"

हात मानेवर दाबला गेला.

"पंखा कमी करू? थंडी वाजतेय तुला?"

तिनं मान डोलावली. तो उठला, दाराजवळ गेला, रेग्युलेटर फिरवून एकवर आणला, आणि परत येऊन तसाच वाकून बसला, कान तिच्या ओठांशी.

"केला कमी," तो म्हणाला. "पुढचं सांग."